कोमट पाण्यात जड रबरी फिन्स कशाला हव्यात?

तळठाव
हल्ली स्कूबा डायव्हिंगला जो उठतो तो काळ्या रबरी फिन्स (पोहायला पायात घालायची पाती) घेतोय, जेट फिन टाइप. का तर म्हणे टेक डायव्हर, म्हणजे खूप खोल नाहीतर गुहांत उतरणारे, वापरतात. अहो पण ते कुठल्या पाण्यात, काय घालून वापरतात ते बघा की! जेट फिन १९६५ पासून आहे, माल भक्कम, वाद नाही. पण कर्नाटकात नेत्राणीला नाहीतर अंदमानात हॅवलॉकला २८-२९ डिग्रीत ३ एमएम जाडीचा पातळ रबरी सूट घालून उतरणाऱ्या बहुतेकांचे पाय आधीच खाली जातात, त्यात अजून वजन बांधलं की अंग तिरकं, फटका खाली, वाळू वर, मागच्याला काही दिसत नाही आणि तिरकं अंग ओढायला हवा जास्त जाते ते वेगळंच. आपल्याकडे न्यूट्रल (ना बुडणाऱ्या ना तरंगणाऱ्या) किंवा किंचित तरंगणाऱ्याच घ्याव्यात. आणि दुकानदार सांगतो ते वजन हवेतलं असतं, त्याला काही अर्थ नाही, पाण्यातलं बघा.

शिशाची_पिशवी
बहुतेकांचे म्हणजे कोणाचे? माझे वर येतात. मांड्या जाड, पाय आखूड, प्रत्येकाचं वेगळं. नवीन माणूस खाली जायला घेतलेलं सगळं शिसं कमरेच्या बेल्टला लावतो, गुडघे पोटाशी घेऊन सायकल मारतो आणि मग म्हणतो फिन जड आहे. नाचता येईना... पुढचं माहितीये. टाकी पट्ट्यात चार बोटं वर सरकवा, थोडं शिसं टाकीच्या वरच्या पट्ट्यावर न्या, झालं काम. शिवाय फ्रॉग किक (बेडकासारखी) आणि मागे सरकायची किक कडक रबरी पात्यावर जशी बसते तशी मऊ प्लॅस्टिकवर नाही. स्प्लिट फिनवर, म्हणजे मधून चिरलेल्या पात्यावर, मागे सरकून दाखवा, जेवण माझ्याकडून.

तळठाव
"झालं काम" इतकं सोपं नाही हो. समजा जोडीचं पाण्यातलं वजन ६०० ग्रॅम आणि ती तुमच्या तोलाच्या जागेपासून मीटरभर लांब. ही तरफ सावरायला २ किलो शिसं ३० सेंटिमीटर वर न्यायला लागतं. ३ एमएमवर आणि पाठीवर टाकी धरणाऱ्या स्टीलच्या प्लेटवर माणसाकडे शिसं असतंच किती? काहींकडे २ किलो पण नसतं!
किकचं मान्य. पण कडक आणि जड एकच नव्हे, कडक पण हलकं पातं मिळतं आता.

लेस्टरचा_गारठा
मध्ये बोलतो. मी इंग्लंडात स्टोनी कोव्हला डाइव्ह करतो, जुनी दगडाची खाण आहे, हिवाळ्यात पाणी एक आकडी डिग्रीत. ड्रायसूटमध्ये (आत पाणी न येणारा, हवा भरलेला सूट) पाय जरा वर गेले की हवा पायात जाऊन बसते, बूट फुगतात, मग उलटं लटकून वर जायची पाळी येते. इथे जड फिन्स हव्यातच. पण भारतात येताना त्याच आणल्या तर १५ किलोच्या लगेजमध्ये मास्क, रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र) आणि आईने मागितलेलं सामान बसत नाही, म्हणून दुसरी जोडी घेतली. तेव्हा दोघंही बरोबर, आपापल्या पाण्यात.

शिशाची_पिशवी
लेस्टरवाले, सगळ्यांना खूष करू नका 😄
तळठाव, तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर विसरलात. आपल्याकडे भाड्याने ॲल्युमिनियमची टाकी मिळते. ११ लिटरची टाकी २०० बार दाबावरून ५० वर आली की साधारण २ किलो हवा संपलेली असते आणि टाकीचं बूड आपोआप वर उचललं जातं. नेमकं तेव्हा, वर येताना थोडा वेळ थांबतात त्या सेफ्टी स्टॉपला, हलक्या फिन्सवाल्यांची ढुंगणं आभाळाकडे आणि ते हात मारतायत. जड फिन तिथे कामाला येते.

तळठाव
मग डाइव्हच्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी आधीची चाळीस मिनिटं पाय लोंबकळत ठेवायचे? त्यापेक्षा किलोभर शिसं टाकीच्या खालच्या पट्ट्याला लावा.

शिशाची_पिशवी
आत्ता तर म्हणालात शिसंच नसतं!

तळठाव
ज्याच्याकडे आहे त्याने. शब्दात पकडू नका.

देवबाग_इन्स्ट्रक्टर
भांडण छान चाललंय, चालू द्या. आमच्याकडे मालवणला शिकायला येणारे विचारतात तेव्हा मी सांगतो, आधी विकत घेऊच नका. सहा-सात मीटरवर, टाकी निम्मी झाली की फुफ्फुसं नेहमीइतकी भरलेली, हात पुढे, गुडघे वाकवून फिन मागे, आणि किक पूर्ण बंद. हलायचं नाही. दहा सेकंदात कळतं पाय खाली जातायत की डोकं. पाय गेले तर आधी टाकी वर घ्या, तरी गेले तर हलकी फिन. फिन दोन मित्रांकडे मागून आणा आणि बादलीत बुडवून लगेजच्या काट्याला टांगा, एकसारख्या दिसणाऱ्या दोन रबरी जोड्यांत पण फरक निघतो. बादली गोड्या पाण्याची असेल तर समुद्रात वजन थोडं कमी भरेल, तेवढं धरा. आणि बुटीसकट (फिनच्या आत घालायचा रबरी मोजा) वजन करा, ५ एमएमची बुटी तरंगते, ती कोणीच हिशोबात धरत नाही.

तळठाव
बघा, मी हेच म्हणत होतो.

शिशाची_पिशवी
नाही हो. तुम्ही म्हणालात हलक्याच घ्या. ते म्हणतायत आधी टाकी सरकवा. ते माझं होतं.