मदत हवी आहे: गावात घर केले, पण माणसे जोडली जात नाहीत. शहरात परतावे का?

रानजाई
नमस्कार मंडळी. थोडे तातडीचे आहे, म्हणून लांबण न लावता विचारते. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आम्ही शहर सोडून गावात राहायला आलो. घर मोठे आहे, मागे झाडे आहेत, भाडे शहराच्या मानाने पुष्कळ कमी आहे आणि नवऱ्याचे बरेचसे काम घरून चालते. तक्रार एकच आहे आणि ती दिवसेंदिवस वाढते आहे, ती म्हणजे आपले म्हणावे असे इथे कोणीच नाही. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हसून नमस्कार करतो, चार शब्द बोलतो आणि आपल्या वाटेने जातो. शेजाऱ्यांना ‘कधीही या’ म्हणून कितीदा तरी सांगून झाले, कोणी फिरकले नाही. मग आसपासच्या घरांना रीतसर जेवायला बोलावले. सगळे आले, पोटभर जेवले, तोंडभर कौतुक केले, आणि उलट जेवणाचे बोलावणे मात्र एकाही घरातून आले नाही. मुलीच्या वर्गात वाढदिवस होतात, तिला क्वचितच बोलावतात. जुन्या मैत्रिणी सुरुवातीला हौसेने यायच्या, आता त्यांना अंतर जास्त वाटू लागले आहे.

शहरात एक घर मिळते आहे आणि महिनाअखेरपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. नवऱ्याला हलायचे नाही. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे त्यांनी कृपया सांगावे, माणसे जोडली जायला किती काळ लागतो? की ती जोडली जातच नाहीत?

दापोलीचा माड
ताई, मी निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून दापोली तालुक्यात वडिलोपार्जित घरी आलो, तेव्हा मलाही सगळे ‘मुंबईवाले’ म्हणूनच ओळखत. माझा अनुभव असा आहे की गावात आपण बोलावून माणसे येत नाहीत, आपण गावाच्या कामाला गेलो की येतात. गावकीच्या बैठकीला न चुकता जा, वर्गणी कोणी मागायच्या आत द्या, शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा अंगण सारवून तयार ठेवा आणि गणपतीत आपल्या घरची आरती झाली की वाडीतल्या प्रत्येक घरी आरतीला उभे राहा. यजमानांनी भजनात टाळ धरला तर काम आणखी सोपे होईल.

उत्तरा
काकांचा सल्ला मोलाचा आहे, पण मला प्रश्नच नीट कळलेला नाही. गाव कोणत्या जिल्ह्यातले? मुलगी कितवीत आहे? तुम्ही स्वतः नोकरी करता का? शेजारी येऊन जेवून गेले आणि कोणीच उलट बोलावले नाही, हे आपल्याकडच्या गावात घडणे मला अवघड वाटते. आपल्याकडे निदान हळदीकुंकवाला तरी हाक मारतात.

रानजाई
सर्वांचे आभार. शीर्षकाखाली विभाग ‘परदेशातील जीवन’ असा निवडला होता, त्यामुळे वेगळे लिहिले नाही. आम्ही जर्मनीत आहोत. आधी स्टुटगार्टमध्ये होतो, आता रॉयटलिंगन जिल्ह्यात, श्वेबिशे आल्बच्या पठारावरच्या एका लहान गावात राहतो. मुलगी तिसरीत आहे. मी सध्या नोकरी करत नाही. बस दिवसा तासाला एक असते आणि संध्याकाळनंतर जवळजवळ नसतेच.

सांगावा
मग मूळ मुद्दा भाषेचा आहे, बाकी सगळे दुय्यम आहे. तुम्ही जर्मन कोणत्या पातळीपर्यंत शिकला आहात, हे तुम्ही अजूनही लिहिलेले नाही. जवळच्या तालुक्याच्या गावी फोल्क्सहोखशूले, म्हणजे प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था, असेल, तिथे इंटिग्रेशनचा अभ्यासक्रम चालतो का ते पाहा. त्यात सहाशे तास भाषेचे आणि शंभर तास या देशाचा इतिहास, कायदा व समाज यांची ओळख करून देणारे असतात. बी-१ ची, म्हणजे भाषेच्या मध्यम पातळीची, परीक्षा देईपर्यंत मलाही कोणी मित्र नव्हते. वाक्याची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाबरोबर समोरचा फार वेळ थांबत नाही, हे कडू असले तरी खरे आहे.

मावळतीचे ऊन
सांगावा यांच्याशी मी असहमत आहे. मी श्वेबियातल्याच एका खेड्यात बरीच वर्षे राहते आणि आले तेव्हा माझे जर्मन बी-२, म्हणजे त्याहून वरची पातळी, झालेले होते. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी जे बोलल्या, त्यातले एक अक्षर मला कळले नाही, कारण आजी पाठ्यपुस्तकातले जर्मन बोलत नव्हत्या, श्वेबिश ही इथली बोली बोलत होत्या. शिकावे जरूर, पण परीक्षेचा कागद हातात आला की दारे उघडतील असे या ताईंना सांगू नये.

इथली मैत्री जेवणावळीतून होत नाही, फेराइनमधून, म्हणजे गावातल्या मंडळांमधून, होते. अगदी लहान गावातही गायन-वादनाचे मंडळ, व्यायामाचे मंडळ, फळबाग-बागकामाचे मंडळ आणि स्वयंसेवी अग्निशमन दल सापडते. पगारी अग्निशमन दल मोठ्या शहरांतच असते. खेड्यात आग लागली तर बेकरीवाला, सुतार आणि शाळेतले शिक्षकच गणवेश चढवून धावतात. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेले काम करायला जी माणसे वर्षानुवर्षे एकत्र येतात, त्यांच्यात ओळख हळूहळू मुरते. दापोलीच्या काकांनी जे सांगितले तेच इथेही लागू आहे, फक्त टाळाऐवजी ट्रम्पेट आहे.

आणि ‘कधीही या’ या आमंत्रणाला इथे आमंत्रण समजत नाहीत, ते सौजन्याचे बोलणे समजतात. न कळवता कोणाच्या दारात उभे राहणे त्यांना संकोचाचे वाटते. ‘शनिवारी दुपारी तीन वाजता कॉफी आणि केक घ्यायला या’ असे सांगितले की माणूस तीनच्या ठोक्याला येतो.

हिरवा दिवा
कोणीही विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण याच गोष्टीवर अनेकांचे गाडे अडते. खेड्यात गाडी चालवता येणे अत्यावश्यक आहे. भारतीय परवाना इथे वास्तव्य सुरू केल्यापासून सहाच महिने चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. प्रथमोपचाराचा वर्ग आणि डोळ्यांची तपासणी आधीच उरकून घ्या. सराव मात्र शिकवणाऱ्या संस्थेच्या गाडीवर भरपूर करा, कारण उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आपल्या अंगवळणी पडलेला नसतो आणि परीक्षक नेमका तोच पाहतो.

पैठणी
मला या सगळ्या उत्तरांचे आश्चर्य वाटते. ताई एकट्या पडल्या आहेत आणि आपण त्यांना व्याकरण, ट्रम्पेट आणि वाहन परवाना सांगतो आहोत. स्टुटगार्टला आपली पुष्कळ माणसे आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत आणि त्या भागात मराठी कुटुंबांची ये-जा वाढतेच आहे. तिथे गणपती आहे, दिवाळी पहाट आहे, मुलीला मराठी बोलणारी मुले मिळतील. परक्यांच्या मागे लागून आयुष्य का काढायचे? सरळ शहरातले घर घ्या.

मावळतीचे ऊन
पैठणीताई, शेजाऱ्याला परका म्हणून सोडून दिले तर तो परकाच राहणार. रात्री मूल तापाने फणफणले असताना साठ किलोमीटरवरची मैत्रीण फोनवर धीर देईल, पण दवाखान्यात गाडीने न्यायला शेजारीच लागतो. मराठी मैत्रिणी हव्यातच, मलाही आहेत आणि त्यांच्यावाचून माझे चालत नाही. पण दोन्हींतून एकच निवडा असे का सांगायचे?

पैठणी
कारण घर एकाच ठिकाणी करता येते. तासाला एक बस असलेल्या गावातून दर शनिवारी मुलीला मराठी शाळेत कोण नेणार? तिसरीतली मुलगी आत्ताच आजीशी फोनवर जर्मनमध्ये बोलत असेल, तर दहावीत ती आजीशी काय बोलेल, याचाही विचार व्हावा.

उत्तरा
दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मुलीला काय हवे हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. रानजाई, तिला गावात एकही मैत्रीण नाही का? वाढदिवसाबद्दल म्हणाल तर मूल जितक्या वर्षांचे होते तितकीच मुले बोलवायची अशी रीत जर्मनीतल्या बऱ्याच घरांत आहे, असे तिथली माझी नणंद सांगते. नऊ वर्षांच्या मुलाने नऊ जण बोलावले तर अर्ध्याहून जास्त वर्ग आपसूक बाहेर राहतो. तो तिचा अपमान समजू नका. आपल्याकडे आख्खा वर्ग आणि वर सोसायटीतली मुले बोलवायची सवय असते, त्यामुळे ते मनाला फार लागते.

रानजाई
उत्तरा, वाढदिवसाची रीत मला ठाऊक नव्हती, वाचून खरोखर बरे वाटले. मुलीला एक मैत्रीण आहे, समोरच्या शेतकऱ्याची नात. दोघी शाळेतून एकत्र येतात आणि तिच्याकडच्या सशांना गवत घालतात. माझे जर्मन बी-१ च्या आसपास आहे, दुकानात आणि शाळेत अडत नाही. पैठणीताई, आजीशी ती मराठीतच बोलते, मात्र रागावली की जर्मनमध्ये रागावते.

प्रश्न माझा आहे, हे मला इतरांची उत्तरे वाचताना अधिक स्पष्ट झाले. पुण्यात सकाळी दार उघडले की जिन्यात कोणी ना कोणी भेटायचे, दूध उतू गेले तरी शेजारीण आतून विचारायची. इथे दुपारी दोन ते पाच मी घरात असते आणि बाहेर एक माणूस दिसत नाही. त्याच त्या शेतकऱ्याच्या पत्नीने सप्टेंबरात सफरचंदांची टोपली दारात ठेवली आणि घंटी न वाजवता त्या निघून गेल्या. भांडे रिकामे परत देऊ नये म्हणून मी टोपलीत चकल्या घालून नेऊन दिल्या. पुढच्या आठवड्यात टोपली पुन्हा दारात होती, त्यात आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची बरणी. मी नारळाच्या वड्या दिल्या. हे आजवर चालू आहे, पण त्या कधी आत येत नाहीत आणि मला कधी आत बोलावत नाहीत. याला मैत्री म्हणायचे का, हे मला खरेच कळत नाही.

दापोलीचा माड
ताई, टोपली जाते आहे आणि येते आहे, म्हणजे नाते सुरू झालेले आहे. आमच्या वाडीत फणसाचे गरे आणि आमसुले अशीच फिरतात आणि त्यातूनच पुढे लग्नकार्याला एकमेकांची भांडी मागायची सोय होते. त्या बाईंकडे त्यांच्याकडचे काहीतरी मागून पाहा. देणाऱ्याला देणे सोपे असते. आपण मागितले की समोरच्यालाही आपल्याकडे मागता येते.

मावळतीचे ऊन
काकांचे बरोबर आहे आणि मागायला उत्तम गोष्ट माझ्याकडे आहे. तुमच्या भागातल्या अनेक गावांत अजून बाकहाउस आहे, म्हणजे गावाची सामाईक भट्टी. घरोघरी मोठ्या भट्ट्या पेटल्या तर आगीचा धोका, म्हणून जुन्या काळी गावाने एकच दगडी भट्टी बांधायची आणि पाळीपाळीने पाव भाजायचा अशी ती व्यवस्था होती. तुमच्याकडे ती चालू असेल तर त्या बाईंना विचारा, ‘तुम्ही भाजायला जाल तेव्हा मला सोबत न्याल का?’ मी असेच विचारले होते. लाकडे पेटवून भट्टी तापेपर्यंत तिथे काही तास जातात आणि त्या वेळात बायका जेवढे बोलतात तेवढे माझ्याशी त्याआधी कोणी बोलले नव्हते.

सांगावा
हे मलाही पटते. भाषेचा मुद्दा मी सोडत नाही, पण श्वेबिश ऐकायला याहून चांगली जागा नाही.

उत्तरा
घराच्या निर्णयाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट नणंदेला विचारून लिहिते. भाडेकरूला घर सोडताना तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, म्हणजे आत्ता होकार दिला तर काही काळ दोन्ही घरांचे भाडे अंगावर येऊ शकते. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे तुमच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि पाचवीला सगळीच मुले वेगवेगळ्या शाळांत विखुरतात. जायचेच असेल तर ते वळण मुलीला सर्वात कमी जड जाईल. आत्ता मध्येच हलवलेत तर सशांची मैत्रीण तुटेल आणि दीड-दोन वर्षांत नव्या मैत्रिणीही पांगतील.

रानजाई
हे नवऱ्याला वाचून दाखवले. तो चौथी संपेपर्यंत थांबायला आणि तेव्हा पुन्हा मोकळेपणाने ठरवायला तयार आहे, तोवर महिन्यातला एक शनिवार आम्ही तिघे स्टुटगार्टला मराठी शाळेसाठी जाऊ. वाहन परवान्याचा अर्जही मागवते आहे. शहरातल्या घराला आज नकार कळवला.

गावात भट्टी आहे, चर्चच्या मागे, मी ती गोदाम समजत होते. समोरच्या बाईंना विचारले, त्यांनी पुढच्या शुक्रवारी सकाळी सातला यायला सांगितले आणि ‘तुमचेही काहीतरी घेऊन या’ म्हणाल्या. मावळतीचे ऊन, लाकडाच्या भट्टीत आपल्यातले काय चांगले होईल? मला ओव्हनचेच अंदाज माहीत आहेत.

मावळतीचे ऊन
भट्टी सुरुवातीला फार कडक असते, तेव्हा निखारे बाजूला ओढून आधी कांदा-साय लावलेल्या पातळ चपट्या पोळ्या भाजतात, मग पाव, आणि उष्णता उतरली की शेवटी केक. तुम्ही सकाळीच कणीक मळून न्या आणि पहिल्या फेरीत लसूण-कोथिंबीर लावलेले नान टाका, दोन-तीन मिनिटांत होतात. शेवटच्या फेरीसाठी नानकटाईचे पीठ डब्यात ठेवा. पीठ जरा जास्तच न्या, कारण तिथे प्रत्येकीला चव द्यावी लागते, आणि हात पुसायला एक जुना पंचा बरोबर असू द्या.