मानेला गोळी लागली की गळ्याला?

गोळी लागलेल्या एका पेशंटच्या रिपोर्टचं मराठी करतेय. नेक आलं तिथे सरसकट मान लिहिलं नि एन्ट्री वूंडला प्रवेशव्रण, पण दोन्ही खटकतंय. काय लिहू?

—

मान एकटी पुरत नाही हो. मान आखडते, मुरगळते, ती मागची. गळा आवळतात, गळ्यात माळ घालतात, तो पुढचा, आणि बसतो तो घसा, तो आतला. नेकमध्ये मान नि गळा दोन्ही आलं, त्यामुळे जखम पुढून असेल आणि तुम्ही नुसतं 'मानेला' लिहिलंत तर वाचणारा पाठीमागून गोळी मारली असंच समजणार, आणि केसमध्ये हा फरक फार मोठा आहे. सर्जन लोक पुढून तीन झोन धरतात, कॉलरबोनपासून क्रिकॉइड कूर्चेपर्यंत (स्वरयंत्राच्या तळाशी असते ती) १, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत २, त्याच्या वर कवटीच्या तळापर्यंत ३. झोनचा आकडा रिपोर्टात असेल तसाच ठेवा आणि 'गळ्याच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली २ सेमी' असं सरळ लिहा.

व्रण तर नकोच, व्रण म्हटलं की भरलेल्या जखमेची खूण डोळ्यासमोर येते. 'गोळी शिरल्याची जखम' आणि 'बाहेर पडल्याची जखम' पुरे. पण रिपोर्टात नुसतं 'जखम १, जखम २' असेल तर मनाने ठरवू नका, मोठी ती बाहेर पडल्याची हे नेहमी खरं नसतं.

शिरल्याच्या जखमेभोवती बहुतेक वेळा जी अब्रेजन कॉलर असते ती 'खरचटलेली कड', गळपट्टी वगैरे अजिबात नको. टॅटूइंगला मात्र गोंदण इतका चपखल शब्द दुसरा नाही, बंदुकीच्या दारूचे कण कातडीवर आदळून रुततात, पुसून जात नाहीत. काजळी पुसली जाते. आणि काजळी दिसते ती गोळी खूप जवळून झाडली असेल तर, गोंदण त्याहून जरा लांबूनही उमटतं, तेव्हा या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर अंतराचा अंदाजच चुकतो.

—

पटलं! सीटी अँजिओच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनच्या, रिपोर्टात स्ट्रीक आर्टिफॅक्टला 'दोष' लिहिलाय, चालेल?

—

नको, दोष रक्तवाहिनीत आहे असं वाटेल. गोळीचा तुकडा आत असला की स्कॅनमध्ये काळे-पांढरे पट्टे उमटतात, ते शरीरात नसतातच. 'धातूमुळे उमटलेले पट्टे' लिहा. आणि पट्ट्यांमुळे कॅरॉटिड (गळ्यातून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी) नीट दिसत नाही असं रिपोर्ट म्हणत असेल तर तेवढंच लिहा, 'कॅरॉटिडला इजा नाही' असं होऊ देऊ नका.