बंद पुकारणाऱ्याने काचेचे पैसे भरावेत का?

लालपरीचा पोरगा
वडील एसटीत चालक होते. एका बंदच्या दिवशी त्यांच्या गाडीवर दगड आला. रात्री आईने त्यांचा खाकी शर्ट अंगणात झटकला तर खिशातून काचेचे खडे पडले, खडीसाखरेसारखे. दुसऱ्या दिवशी पेपरात नेत्यांचं निवेदन, 'आंदोलनात समाजकंटक घुसले.' हा समाजकंटक दर वेळी घुसतो आणि सापडत मात्र कधीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हाक ज्याने दिली, भरपाई त्याने द्यावी. घाटकोपरच्या बसमधल्या स्फोटानंतर ३० जुलै २००३ ला मुंबई बंद झाली होती. त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख भरायला लावले. तसंच दर वेळी व्हावं.

बांधावरचा
२० लाख मोठ्या पक्षाला म्हणजे मंडपाचा खर्च. तोच नियम चार गावच्या शेतकऱ्यांना लावा, जमिनी विकाव्या लागतील.

आणि मावळ विसरलात? ९ ऑगस्ट २०११. पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध होता, लोकांनी द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. तुमच्या हिशेबाने ही मरणंही हाक देणाऱ्याच्याच खात्यावर का? दगडाचा हिशेब मागता, तर गोळीचाही मागा.

लालपरीचा पोरगा
गोळीचा मागाच, मी कुठे नको म्हणतोय? पण एकाने गोळी झाडली म्हणून दुसऱ्याचा दगड माफ होत नाही.

तारीख पे तारीख
कायद्याचं थोडं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा १९८४ चा आहे. त्यात मुख्यतः तोडफोड करणारा सापडावा लागतो, म्हणून तो लंगडतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढची पायरी गाठली. नुकसान त्या कार्यक्रमामुळेच झालं हे सिद्ध झालं, तर प्रत्यक्ष करणारा आणि आयोजक दोघांनीही भार उचलायचा. म्हणजे नुसती हाक दिली एवढ्यावर भागत नाही, धागा जोडून दाखवावा लागतो.

पारावरचे आजोबा
गांधीजींनी असा धागा कुणी जोडून दाखवायची वाट पाहिली नव्हती. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, २२ पोलीस मेले. गांधीजी तेव्हा पार बारडोलीत. तरी सगळं असहकार आंदोलन थांबवलं, पाच दिवस उपास केला. मार्चमध्ये अहमदाबादच्या खटल्यात त्या रक्तापासून आपल्याला वेगळं काढता येत नाही, असं स्वतः सांगितलं. आजचा पुढारी निदान मोबाईल तरी बंद ठेवतो का?

बांधावरचा
आजोबा, गोष्ट पुरती सांगा. गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली ती लेखांसाठी. चौरीचौऱ्याचे १९ जण फासावर गेले. जबाबदारी घेणं आणि भोगणं यात एवढं अंतर असतं.

आणि दगड पडला की आंदोलन मागे घ्यायचं, हा नियम केला तर सरकारचं काम किती सोपं! शंभर रुपये देऊन एक पोरगा गर्दीत सोडायचा, संध्याकाळपर्यंत मागण्या गुंडाळल्या.

लालपरीचा पोरगा
हे मात्र खरंय, याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून थोडा मागे येतो. नुसत्या हाकेवर नको. पहिला दगड पडल्यावर पुढाऱ्याने काय केलं, ते बघा.

आमच्या बाबतीत चौकात जीप उभी होती, वर भोंगा. वडील सांगायचे, काच फुटली तेव्हा भोंग्यावरचा माणूस क्षणभर थांबला. त्याने पाहिलं. मग घोषणा आणखी जोरात सुरू केल्या.

तारीख पे तारीख
हाच तो धागा. त्या भोंग्यावाल्याचा जबाब झाला का?

लालपरीचा पोरगा
नाही. वडिलांचाही नाही. डेपोत फक्त काचेचा पंचनामा झाला.