आमच्या कुत्र्याला वास येतो: तुमचे अनुभव लिहा

आमचा बंड्या सहा वर्षांचा लॅब्राडॉर आहे. गेल्या आषाढात सासूबाईंच्या मैत्रिणी घरी आल्या आणि त्यातल्या एकीने दारातच पदर नाकाला लावला. मला ते फार लागलं. आठवड्यातून दोनदा अंघोळ घालत होते मी त्याला, आमच्याच शांपूने, भरपूर फेस काढून. तरी दोन दिवसांत तोच वास यायचा, ओल्या पायपुसण्यासारखा आणि वर थोडा आंबूस. मग तीनदा अंघोळ घालायला लागले, तर वास आणखी वाढला.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काखेतले केस बाजूला करून कातडी दाखवली. लालसर होती, बोट लावलं तर ओशट. तिथे चिकटपट्टी दाबून काढली, काचेवर लावून निळा रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही बघायला लावलं. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये आवळलेल्या असंख्य पेशी दिसल्या. मॅलॅसेझिया नावाचं हे यीस्ट प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडं असतंच. तेल आणि ओल मिळाली की ते बेसुमार वाढतं. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची तेवढी नसते, त्यामुळे आपला शांपू तिला मानवत नाही. त्यात मी वरवर पुसून बंड्याला मोकळा सोडत होते. वास जावा म्हणून जे जे करत होते, त्यानेच तो वाढत होता.

डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शांपू दिला. तो लावून १० मिनिटं अंगावर ठेवायचा, लगेच धुतला तर काम करत नाही. ओल्या लॅब्राडॉरला १० मिनिटं धरून ठेवायचं, म्हणून मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. आता पहिला श्लोक ऐकला की तो आपणहून खाली बसतो. नंतर दोन पंचे, मग ड्रायरची गार हवा, काखेत आणि बोटांच्या मध्येसुद्धा. महिन्याभरात वास गेला. मुळाशी ॲलर्जी आहे आणि ती पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढते, पण आता सुरुवातीलाच कळतं.

कुत्रा मांजरासारखा अंग चाटून स्वच्छ ठेवत नाही. फार तर पंजे आणि शेपटीखालचा भाग चाटतो, बाकीचं आपल्यावर असतं. तेव्हा तुमच्याकडे वास नेमका कुठून येत होता, कशासारखा होता, कशाने गेला आणि काय करून पस्तावलात, ते लिहा. पोटात द्यायच्या औषधांचं प्रमाण मात्र कृपया लिहू नका, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगायला हवं.

चिपळूण, गावठी कुत्रा

आमचा राजा पडवीत झोपतो. पागोळ्यांचं पाणी उडून त्याच्याखालचं गोणपाट चार महिने सुकायचं नाही. आम्ही त्याला धूत बसायचो आणि तो पुन्हा जाऊन त्याच गोणपाटावर लोळायचा. एकदा आईने ते नाकाजवळ नेलं आणि सरळ उकिरड्यावर टाकलं. आता जुनी बाज दिली आहे, खालून वारा खेळतो. वर सुती चादरी, एक अंगाखाली आणि एक चुलीवरच्या दांडीवर सुकत. निम्मा वास तिथेच संपला.

खरी गोष्ट पुढची आहे. श्रावणात एक दिवस वेगळाच वास आला, गोडसर आणि सडका. अंगभर पाहिलं, काही दिसेना. तो फक्त मान झटकत होता. संध्याकाळी कानामागे बोट फिरवलं तर केस ओले लागले आणि खाली वाटाण्याएवढं भोक. आत किडे वळवळत होते. शेजारचे काका फिनेलची बाटली घेऊन आले, आमच्याकडे सगळे तेच ओततात. बाबांनी हात जोडून थांबवलं. फिनेलने जिवंत मांस भाजतं, आणि कुत्र्याने ते चाटलं तर विष पोटात जातं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिमट्याने एकेक किडा काढला, तीन दिवस ओळीने जावं लागलं. त्यांनी सांगितलं, उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या बाहेर येतात. गोचीड चावून झालेली एवढीशी जखमही पुरते. तेव्हापासून पावसाळ्यात रोज दिवेलागणीला मी राजाच्या अंगावरून दहा बोटं फिरवते, कानापासून शेपटीपर्यंत. केस ओले किंवा चिकट लागले की तिथे थांबते.

मुंबई, बीगल

आमच्याकडे वास सुकटीचा. सोफ्यावर, गादीवर, अचानक यायचा आणि जायचा. ती जमिनीवर बूड घासत पुढे सरकायची, आम्हाला वाटलं जंत झाले. जंत नव्हते. गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात तिथे, दोन छोट्या पिशव्या असतात. शी घट्ट असली की त्या आपोआप रिकाम्या होतात. हिची कायम सैल, म्हणून त्या भरून राहायच्या.

पस्तावलो ते असं, की अंघोळीला नेत होतो तिथे दर महिन्याला त्या दाबून काढायचे आणि आम्हाला ते बरंच वाटायचं. पुढे एका बाजूला गाठ आली, फुटली, पू आला. डॉक्टर म्हणाले, गरज नसताना दाबत राहिलं की सूज येते. आता जेवणात वाफवलेला लाल भोपळा असतो, आणि वजन तीन किलो उतरवलं आहे. वर्षभरात एकदाच जावं लागलं.

नाशिक, तीन महिन्यांचं पिल्लू

माझा अनुभव छोटा आहे, खरं तर प्रश्नच आहे. पिल्लाच्या पंजांना मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो. काळजी करावी का?

*(धागाकर्ती: नाही. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांनाच येतो आणि तिथल्या नेहमीच्या जिवाणूंमुळे तसा वास येतो. बंड्याच्या पंजांचा वास मी मुद्दाम घेते, मला फार आवडतो. फक्त बोटांमधली कातडी लाल झाली, किंवा पिल्लू सारखं तिथेच चाटत राहिलं, तर दाखवा.)*

नागपूर, पॉमेरेनियन

चिकू नऊ वर्षांची. आधी स्वतःला फार जपायची, फिरून आली की अर्धा तास पंजे चाटत बसायची. मग ते बंद झालं. पायांचे केस मळकट दिसायला लागले आणि तोंडाला वास येऊ लागला. आम्ही म्हटलं, वय झालं. घरातल्या प्रत्येकाने हेच म्हटलं, आणि त्यावर आठ महिने गेले. आज ते आठवलं की जीव तुटतो.

ती एका बाजूनेच चावायला लागली तेव्हा मी तिचा ओठ वर करून पाहिलं. मागच्या दाढांवर चॉकलेटी थर, हिरडी सुजलेली, हलकं बोट लावलं तर रक्त. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदय तपासलं आणि पूर्ण भूल देऊन दात साफ केले. पाच काढावे लागले. लहान जातींच्या छोट्या जबड्यात दातांची दाटी असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. भुलीची मला फार भीती वाटत होती, पण हिरडीच्या खालचा थर कुत्रा जागा असताना निघत नाही, हे त्यांनी एक्स-रे दाखवून समजावलं.

घरी आल्यावर अकराव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते. चप् चप् आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर चिकू पंजा चाटत बसली होती. तिला आळस नव्हता आला हो. तोंड दुखत होतं तिचं.

आता रोज रात्री ब्रश करते. कुत्र्यांची टूथपेस्ट वेगळी मिळते. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्यांच्या पोटात गेलेलं चांगलं नाही, आणि काहींमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं, ते तर कुत्र्याला विषच.

ठाणे, शित्झू

केसांच्या जटा झाल्या असतील तर आधी विंचरा, मग अंघोळ. आम्ही उलटं केलं. जटा ओल्या होऊन घोंगडीसारख्या आवळल्या आणि खाली ओल राहून कातडीला कुबट वास सुटला. मग मी कात्रीने कापायला गेले. जट ओढली की कातडीही वर उचलली जाते, ती दिसत नाही. तीन टाके पडले त्याला. कात्री लावू नका. मशीनने काढतात, आणि ते काम सरावाच्या हाताचं आहे.

पुणे, देशी मादी

धागा वाचून लिहायचं की नाही असा विचार दोन दिवस करत होतो. लिहितो, कारण कुणाला तरी वेळेत कळेल.

आमची राणी आठ वर्षांची, नसबंदी केलेली नव्हती. माजावर येऊन सहा आठवडे झाले होते. ती सारखं पाणी प्यायला लागली, जेवण कमी झालं, आणि मागून एक वास येऊ लागला. घरातले म्हणाले, स्वतःला चाटत नाही हल्ली, अंघोळ घाला. मी रविवारी कोमट पाण्याने अंघोळ घातली. तिचं पोट हाताला फुगलेलं लागलं, पण मला वाटलं, जाडी झाली आहे. सोमवारी ती उठेना.

सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं दिसलं. पायोमेट्रा. नसबंदी न केलेल्या मादीला, विशेषतः वय वाढल्यावर, माजानंतर महिना-दोन महिन्यांत होतो. पू बाहेर वाहत असेल तर वासावरून कळतं तरी, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर तेही नाही. त्याच रात्री गर्भाशय काढलं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं.

राणी वाचली. आता दहा वर्षांची आहे. पण त्या रविवारी ती टबात मान खाली घालून उभी होती आणि मी तिला 'शहाणी गं माझी' म्हणत साबण लावत होतो. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ज्यांच्या घरी मादी आहे त्यांनी नसबंदीबद्दल डॉक्टरांशी या आठवड्यातच बोला.

*(धागाकर्ती: दादा, लिहिलंत, फार बरं केलंत. राणीला माझ्याकडून एक पापा.)*

न्यू जर्सी, गोल्डन रिट्रीव्हर

इकडचा वास तिकडे कुणी घेतला नसेल. मागच्या अंगणात रात्री स्कंक येतो. पट्टेदार, मांजराएवढा प्राणी, घाबरला की शेपूट वर करून फवारा मारतो. जळलेलं रबर आणि लसूण एकत्र करा, त्याच्या दसपट. आमच्या सोन्याच्या थेट तोंडावर बसला.

शेजाऱ्यांनी टोमॅटोचा रस सांगितला. त्याने कुत्रा लाल होतो, वास जात नाही. आपलं नाक तेवढं थकतं. खरा उतारा पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाने १९९३ साली प्रसिद्ध केला: साधारण लिटरभर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, चमचाभर भांड्यांचं लिक्विड. वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि या मिश्रणातला ऑक्सिजन ती संयुगंच बदलून टाकतो. ऐन वेळी बनवायचं, पाच मिनिटं ठेवून धुवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते.

सांगली, चौदा वर्षांचा मिश्र जातीचा कुत्रा

आमच्या वाघ्याचा वास गेलेला नाही, आणि जाणारही नाही. मागच्या पायांचे सांधे गेले आहेत. वळून स्वतःचा मागचा भाग चाटता येत नाही, झोपेत लघवी होते. पाहुणे हॉलमध्ये बसत नाहीत, तर आम्ही खुर्च्या अंगणात टाकतो. सांधेदुखीचं औषध डॉक्टरांनी चालू केलं आहे, त्याने उठणं-बसणं सुधारलं. आपल्याकडची दुखण्यावरची गोळी मात्र कुणीही मनाने देऊ नका, कुत्र्यांना त्याने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात.

मागचे आणि पोटाखालचे केस बारीक ठेवतो, म्हणजे लघवी धरून राहत नाही. गादीवर रबरी कापड, त्यावर आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या. दिवसाला पाच धुवायला पडतात.

सकाळी बाबा कोमट पाण्याचं तांब्याभांडं आणि मऊ फडकं घेऊन त्याच्याजवळ बसतात. बाबा एकोणऐंशी वर्षांचे, त्यांचेही गुडघे दुखतात, म्हणून पाट घेतात. आधी डोळ्यांच्या कडा, मग कान, मग पोट, शेवटी मागचं. प्रत्येक वेळी फडकं पिळून. नंतर कोरड्या कापडाने टिपतात आणि कातडी जिथे लाल होते तिथे डॉक्टरांनी दिलेलं मलम. अर्धा तास लागतो. पूर्वी वाघ्या अंघोळ म्हटली की मळ्यात पळून जायचा, बाबा मागून हाका मारत. आता पाटाचा आवाज झाला की मान उचलतो आणि एक पाय आपणहून वर करतो.