मदत हवी आहे : पालक अन् सांबार चार बोटांवरच अडले, मेथी मात्र बरी आहे

मोरीपलीकडचा_वाफा | १० डिसेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, जमीन काळी अन् चिक्कट. घरामागे मोरीच्या पलीकडे सहा बाय बारा फुटांचा वाफा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास त्यात पालक, मेथी अन् सांबार (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी : कोथिंबीर) पेरलं. आता पस्तीस दिवस होत आले. एव्हाना पालकाची एक कापणी व्हायला पाहिजे होती, पण पालक चार बोटांच्या वर जाऊनच नाही राहिला. पानं बारकी, जाडसर, फिकट पोपटी. खालची पानं पिवळी पडून मातीला टेकली आहेत. सांबाराचीही तीच गत, वर दांडे जांभळट झालेत. मेथी तेवढी बरी. जोमदार नाही, पण हिरवी आहे.

गेल्या वर्षी याच जागेत इतका पालक झाला की जुड्या बांधून जाऊबाईकडे पोचवाव्या लागल्या. पाणी तेच, घरच्या बोअरचं. ऊन दुपारी तीनपर्यंत. कीड दिसत नाही. वासराच्या खुंट्याकडची हातभर पट्टी मात्र हिरवीगार आहे, तिकडे बी दाट पडलं असेल.

सासूबाई म्हणतात नजर लागली. मी म्हणते पाणी खारं झालं. तुम्ही सांगा.

---

खारपाणी_माणूस | १० डिसेंबर, रात्री ९.४२

ताई, तुम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. आमच्या गावात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, भाजी काय वाढते? घरीच तपासून पाहा. काचेच्या गिलासात पावसाचं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या, त्यात वाफ्यातलं बोराएवढं सुकं ढेकूळ अलगद सोडा. ढवळू नका, हलवू नका. दोन-चार तासांत ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ पाणी झालं तर माती चोपण, सोडियमनं भरलेली. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं अन् वरचं पाणी स्वच्छ राह्यलं, तर माझं म्हणणं मागे.

---

चुनखडीवाला | ११ डिसेंबर, सकाळी ७.०५

आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो, म्हणजे माती अल्कधर्मी, त्यात चुनखडी. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. पण लोहाच्या कमतरतेत वरची, नवी पानं पिवळी पडतात अन् शिरा हिरव्या राहतात. तुमची खालची, जुनी पानं पिवळी म्हणता, म्हणून खात्री वाटत नाही. एकदा नीट पाहून सांगा. तोवर दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणू नका. दुकानदार देईलच, त्याचं कामच ते आहे.

---

आळशी_माळी | ११ डिसेंबर, सकाळी ११.३०

इतकं बोलण्यापेक्षा दोन रोपं उपटून पाहा ना. एक पालकाचं, एक मेथीचं. ओढून नाही, खुरप्यानं मातीसकट काढा अन् बादलीत धुवा. पालकाच्या मुळावर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. मेथीच्या मुळावर बारीक दाणे असतील, ते नखानं सहज निघतात. एक दाणा फोडून आतला रंग सांगा.

---

मोरीपलीकडचा_वाफा | १२ डिसेंबर, दुपारी १.२०

सगळं केलं. गिलास रात्रभर ओट्यावर ठेवला होता, ह्यांनी सकाळी पिऊन टाकला असता, थोडक्यात वाचले. ढेकूळ पसरलं, पण वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ.

पिवळी पानं खालचीच. पूर्ण पिवळी, शिरांसकट.

पालकाच्या मुळाला गाठी नाहीत. मेथीच्या मुळाला मोहरीपेक्षा लहान दाणे आहेत, फोडले तर आत गुलाबी निघाले. मला वाटलं रोगच आहे. आणखी एक, पालकाच्या मुळांभोवती भुशाचे कण चिकटलेत अन् त्यांच्यावर पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत. बुरशी असेल तर औषध कोणतं मारू?

---

आळशी_माळी | १२ डिसेंबर, दुपारी १.५८

औषध नका मारू. थांबा. भुसा कसला? पेरणीआधी मातीत काय काय घातलं ते सगळं सांगा, मूठभर घातलं असेल तरी.

---

मोरीपलीकडचा_वाफा | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

दोन टोपले शेणखत, चांगलं कुजलेलं. चुलीची राख एक घमेलं. अन् लाकडाचा भुसा दोन पोती. माती फार चिक्कट होते, उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून मोबाईलवर एका व्हिडिओत पाहून सुताराकडून फुकट आणला अन् वीतभर खोल कालवला. माती खरंच भुसभुशीत झाली हो! खुंट्याच्या बाजूला भुसा पुरला नाही, पण तिथे वासराचं मूतही झिरपतं.

---

आळशी_माळी | १२ डिसेंबर, रात्री ८.१५

घ्या. सापडलं.

लाकडाच्या भुशात कार्बन भरमसाट, नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नाही. गव्हाच्या कुटारात (काडाच्या चुऱ्यात) एका भाग नत्रामागे ऐंशीच्या आसपास भाग कार्बन असतो, भुशात तर काहीशे. भुसा मातीत पुरला की तो कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीला नत्र लागतं. भुशात मिळत नाही, मग ते मातीतलं ओढून घेतात. तुमचे पांढरे धागे तेच आहेत. ती बुरशी रोपाला खात नाही, भुसा खाते आहे. पण रोपाच्या ताटातलं नत्र तिनं आधी उचललं. झाडाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं पिवळी.

मेथी का वाचली? ती डाळवर्गी आहे. मुळावरच्या दाण्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून देतात, आतला गुलाबी रंग म्हणजे ते कामाला लागलेत. पालक अन् सांबाराकडे ती सोय नाही. खुंट्याकडची पट्टी हिरवी, कारण तिथे भुसा नाही अन् वासराचं युरिया रोज घरपोच.

अन् खारपाणीभाऊ, पाणी खारं असतं तर गोष्ट उलटी झाली असती. पालक बीटाच्या कुळातला, खारटपणा बऱ्यापैकी सोसतो.

---

खारपाणी_माणूस | १२ डिसेंबर, रात्री ८.३१

मान्य, गिलासानंच सांगितलं. पण राख कायले टाकली, बाप्पा? आधीच आठचा सामू, त्यात राख म्हणजे आणखी अल्कधर्मी. कोकणातल्या तांबड्या जमिनीत ठीक आहे, आपल्याकडे राख भांड्याले.

---

मोरीपलीकडचा_वाफा | १२ डिसेंबर, रात्री ९.०२

भुसा आता वेचून काढू का? वेचला तर पालकच उपटून जाईल. रडू येऊन राह्यलं.

---

आळशी_माळी | १२ डिसेंबर, रात्री ९.२०

वेचू नका. कुजू द्या, सावकाश कुजून त्याचा ह्यूमसच, म्हणजे मातीतलं काळं कसदार खत, होणार आहे. तुमची चूक भुसा आणण्याची नाही, पुरण्याची. तोच भुसा मातीवर दोन बोटं पसरला असता तर ओल टिकली असती अन् नत्राची एवढी ओढाताण झाली नसती.

आता वाफ्याला वरून नत्र द्या. एवढ्या वाफ्याला साधारण १०० ग्रॅम युरिया, तोही एकदम नाही. निम्मा आज, निम्मा दहा दिवसांनी. ओल्या मातीवर, ओळींच्या मधे, पानांवर पडू न देता, मग लगेच पाणी. जास्त टाकलं तर मुळं करपतात. लवकर फरक पाहायचा असेल तर लिटरला १० ग्रॅम विरघळवून संध्याकाळी एक फवारणी.

---

चुनखडीवाला | १२ डिसेंबर, रात्री ९.४५

फवाऱ्याचा पंप कोणता ते पाहा. कपाशीत तणनाशक मारलेला पंप असेल तर त्याला हातसुद्धा लावू नका. प्लॅस्टिकच्या साध्या बाटलीनं करा.

---

देशी_परस | १३ डिसेंबर, सकाळी ६.५०

घरच्या भाजीला युरिया? मग बाजाराची काय वाईट होती! सरकीची ढेप भिजवून द्या, त्यात चार ते सहा टक्के नत्र असतं. गोमूत्र एकास दहा पाण्यात. घरी वासरू आहे, अजून काय पाहिजे?

---

आळशी_माळी | १३ डिसेंबर, सकाळी ८.०५

ढेप चांगलीच, पण ती कुजून नत्र मोकळं व्हायला दोन-तीन आठवडे. पालकाला आत्ता भूक लागली आहे. आज युरिया थोडा, सोबत ढेप पुढच्यासाठी. यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

---

मोरीपलीकडचा_वाफा | २९ डिसेंबर, दुपारी ४.१५

अपडेट. युरिया अर्ध्याच वाफ्याला दिला, अर्ध्याला गोमूत्र अन् ढेपेचं पाणी. सासूबाई अन् मी, दोघींचं मन राखलं. युरियाच्या बाजूला सहाव्या दिवशी नवी पानं गडद दिसायला लागली, आता वीतभर पालक आहे. काल पहिली कापणी केली, बेसन लावून पातळभाजी केली. गोमूत्राच्या बाजूचा पालक दहा दिवस मागे आहे पण तोही उठला. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती काढून वासराला घातली. आणखी अर्धा पोता भुसा आणून आता वाफ्यावर पसरला आहे, वर.

माती कृषी विज्ञान केंद्रात तपासायला दिली आहे, राखेची धास्ती बसली म्हणून.

सांबार मात्र हिरवं झालं तरी विरळच. वाफ्यात चार-चार बोटांवर एकेक काडी. आता हे कशामुळे?

---

खारपाणी_माणूस | २९ डिसेंबर, दुपारी ४.४०

धने रगडून, दोन फाका करून, रात्रभर भिजवून पेरले होते का अख्खे?

---

मोरीपलीकडचा_वाफा | २९ डिसेंबर, दुपारी ४.५२

अख्खे. डब्यातले. कोणी काही बोलू नका.