गेम ऑफ थ्रोन्स बघून झालंय, आता पुस्तकं वाचायची का? आणि कुठून सुरू करायची?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. गेम ऑफ थ्रोन्स या टीव्ही मालिकेचे आठही सीझन बघून झाले. पहिले चार अक्षरशः झपाटल्यासारखे बघितले, आणि शेवटच्या दोनांत असं व्हायला लागलं की ही माणसं आत्ता उत्तरेत होती, लगेच दूरच्या ड्रॅगनस्टोन बेटावर कशी पोचली, सगळी नुसती घाई. डेनेरिस शेवटी शहर जाळते, तिचं जे झालं ते होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही, पण ते पटेपर्यंत दाखवलंच नाही. आता मैत्रीण म्हणते, ज्यावरून ती काढली ती जॉर्ज मार्टिन यांची पुस्तकं वाच, तिथे बरंच वेगळं आहे. नवऱ्याचं म्हणणं, सातातली पाचच आलीत, अर्धवट गोष्टीत कशाला जीव अडकवतेस. दोन्ही केलेलं कुणी आहे का इथे? पहिल्या सीझनची गोष्ट मला पाठ आहे, तर डायरेक्ट चौथ्या पुस्तकापासून सुरू केलं तर चालेल का? वाचन मुख्यतः मराठी, इंग्रजी थ्रिलर अधूनमधून, तेवढ्यावर निभेल का? स्पॉयलरची काळजी करू नका, बिनधास्त लिहा.

पानगळ
वाचाच. आणि पहिल्यापासून वाचा, चौथ्यावर उडी नको.

पहिलं पुस्तक (१९९६ चं) आणि पहिला सीझन यांत गोष्ट जवळपास तीच आहे, हे मान्य. पण पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण कुणातरी एकाच्या मनात शिरून सांगितलंय. पहिल्यात अशी आठ माणसं आहेत, नेड, कॅटलिन, जॉन, सान्सा, आर्या, ब्रॅन, टिरियन आणि डेनेरिस. त्या माणसाला जे माहीत नाही ते आपल्यालाही कळत नाही, पण तो स्वतःची समजूत कशी घालतोय ते कळतं, आणि सगळी मजा तिथे आहे. शिवाय वयं बघा. पुस्तकात सुरुवातीला रॉब आणि जॉन १४ वर्षांचे, डेनेरिस १३ ची. मालिकेत सगळ्यांची वयं वाढवली, तेरा वर्षांच्या मुलीचं ते लग्न पडद्यावर दाखवणं योग्यच नव्हतं त्यामुळे केलं ते बरोबर केलं, पण कॅटलिन पानोपानी का घाबरलेली असते ते वाचतानाच कळतं, कारण तिचं एवढंसं पोरगं, रॉब, सैन्य घेऊन निघालेलं असतं.

चौथ्यापासून का नको, तर टिरियन. चौथ्या सीझनच्या शेवटी तो बापाला मारतो, आठवत असेल. मालिकेत जेमी त्याला कोठडीतून काढतो, दोघे भाऊ गळाभेट घेतात, टिरियन वर जातो, त्याची प्रेयसी शे तिथे सापडते आणि मग ते सगळं होतं. पुस्तकात निरोपाच्या वेळी जेमी एक कबुली देतो. टायशा, टिरियनची पहिली बायको, जिला बापाने पैसे देऊन आणलेली बाई ठरवलं आणि शिपायांच्या हवाली केलं, ती तशी नव्हतीच. साध्या घरातली पोर होती, खरंच त्याच्यावर प्रेम करत होती, आणि जेमी बापाच्या सांगण्यावरून खोटं बोलला होता. टिरियन तिथल्या तिथे भावाला मारतो, त्याला दुखवायला म्हणून ‘जॉफ्रीला (भाचा, तरुण राजा) मीच मारलं’ असं सांगतो, आणि वर जाऊन बापाला विचारतो की टायशा कुठे गेली. म्हणजे एका रात्रीत बापही गेला आणि भाऊही. पाचव्या पुस्तकात तो समुद्रापार हाच प्रश्न घेऊन फिरतोय, आतून पार नासलेला. मालिकेने टायशाची गोष्ट पहिल्या सीझनमध्ये सांगितली आणि पुढे तो धागाच सोडून दिला, नंतरचा टिरियन नुसता शहाणपणाचे सल्ले देणारा झाला त्याचं मूळ मला इथेच दिसतं. ही टायशा पहिल्या पुस्तकात भेटल्याशिवाय पाचवं तुम्हाला भिडणार नाही.

मुक्कामपोस्ट
पानगळ यांना अनुमोदन. अगदीच धीर नसेल तर तिसऱ्यापासून करा, पण त्यापुढून अजिबात नको. तिसरं हे पाचांत सगळ्यात भारी.

दर्यावर्दी
मी जरा दुसरी बाजू मांडतो. मलाही पुस्तकं फार आवडतात, तरी ताई, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. पाचवं पुस्तक जुलै २०११ मध्ये आलं, मालिका त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती, ती ७३ एपिसोड होऊन २०१९ ला संपलीसुद्धा आणि सहावं अजून आलेलं नाही. पाचव्याच्या शेवटी जॉनला त्याच्याच माणसांनी भोसकलंय आणि पुस्तकं वाचणारे सगळे आजवर तिथेच उभे आहेत. ज्यांना शेवट लागतोच त्यांनी हे मनाशी पक्कं करूनच सुरुवात करावी.

आणि मालिकेला सरसकट नावं ठेवलेली मला पटत नाहीत. पहिल्या सीझनमध्ये राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी दोघंच बसून आपल्या लग्नाबद्दल बोलतात तो सीन पुस्तकात नाहीच, असूच शकत नाही, कारण त्या दोघांपैकी कुणाच्याच मनातून पहिलं पुस्तक सांगितलेलं नाही. पण दोन थकलेली माणसं, एवढी वर्षं एकत्र काढून पहिल्यांदाच खरं बोलतायत, काय सुंदर लिहिलंय ते. दुसऱ्या सीझनमध्ये हॅरनहॉल किल्ल्यात आर्या टायविनची (टिरियनच्या बापाची) प्याले भरणारी पोर होते तेही मालिकेचंच, पुस्तकात ती रूझ बोल्टन या सरदाराकडे असते. आर्या-टायविन एका खोलीत आले की मी श्वास रोखून बघायचो. ब्लॅकवॉटरच्या लढाईचा एपिसोड तर स्वतः जॉर्ज मार्टिन यांनीच लिहिलाय, पहिल्या चार सीझनमध्ये त्यांचा दरवेळी एक एपिसोड असायचा. मालिका घसरली ती पुढे, पुस्तकांचा साठा संपत आला तेव्हा. हाताशी गोष्ट होती तोवर त्याच लोकांनी उत्तम काम केलं.

पानगळ
दर्यावर्दी, रॉबर्ट-सर्सीच्या सीनबद्दल शंभर टक्के सहमत, मी तो कितीदा बघितलाय. पण घसरण साठा संपल्यावर सुरू झाली हे मला मान्य नाही, साठा असतानाच बदल सुरू झाले होते. रॉबचं लग्नच घ्या. मालिकेत त्याचं टलिसावर प्रेम बसतं, दुसऱ्या घराण्यात लग्न करायचा दिलेला शब्द मोडून लग्न करतो, ठीक आहे, तरुण पोरं करतात असं. पुस्तकात तो जखमी होऊन वेस्टरलिंगांच्या गढीत पडलेला असतो, तिथे धाकटे भाऊ मारले गेल्याची बातमी येते, त्या रात्री जेन नावाची त्या घरची मुलगी त्याला सांभाळते, आणि सकाळी हा तिच्या अब्रूसाठी लग्न करतो. म्हणजे बापाने शिकवलेल्या सचोटीनेच पोरगं रेड वेडिंगपर्यंत (ज्या लग्नात त्याला दगा देऊन मारतात) जातं, आणि हे सगळं आपल्याला कॅटलिनच्या डोळ्यांनी दिसतं, कारण रॉबच्या मनातलं एकही प्रकरण नाही. मालिकेत ते प्रेमप्रकरण झालं.

जेमीचंही तेच. चौथ्या पुस्तकात सर्सी, त्याची बहीण आणि प्रेयसी, कैदेतून पत्र पाठवते, मला वाचव म्हणून, आणि तो ते पत्र जाळायला सांगतो. एवढ्या एका कृतीसाठी दोन पुस्तकं तो माणूस कणाकणाने बदललाय. मालिकेत त्याला शेवटी परत तिच्याकडेच पाठवलं, ते मला आजही सहन होत नाही.

आजोळ
इंग्रजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. थ्रिलर वाचता ना, मग जमेल, वाक्यं अवघड नाहीत, अडचण होते ती नावांची. पुस्तकाच्या मागे घराण्यांची यादी असते आणि पुढे नकाशे, तिथे खूणचिठ्ठी घालून ठेवा. तुम्ही मालिका बघितली आहे हा इथे मोठाच फायदा, चेहरे माहीत असल्यामुळे नावं लक्षात राहतात, कोरी पाटी घेऊन बसणाऱ्याला फार जड जातं. स्वयंपाक करताना ऐकायचं असेल तर रॉय डॉट्रिस यांच्या आवाजातली ऑडिओबुकं आहेत.

विकत घेताना एक बघा. आपल्याकडे जी पेपरबॅक मिळते त्यात तिसरं आणि पाचवं पुस्तक दोन-दोन भागांत असतं, त्यामुळे सेटमध्ये सात पुस्तकं दिसतात आणि लोकांना वाटतं सातही पुस्तकं आली. ‘स्टील अँड स्नो’ आणि ‘ब्लड अँड गोल्ड’ हे दोन्ही मिळून तिसरं. एकच भाग आणलात तर रेड वेडिंग यायच्या आधीच पुस्तक संपेल. आणि चौथ्यात टिरियन, डेनेरिस कुणीच नाही, जॉनही नावापुरताच, त्यांची त्याच काळातली गोष्ट पाचव्यात आहे. बरेच जण तिथे कंटाळून सोडतात. सोडू नका, ब्रिएन ही लढवय्यी बाई युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावांतून फिरते, तिथे एक फिरता धर्मगुरू तिला लढाईतून पळालेल्या साध्या शिपायांबद्दल सांगतो, की ही पोरं घरून कशी हौसेने निघतात आणि पुढे त्यांचं काय होतं. पाचही पुस्तकांत मला सगळ्यात जवळचं पान ते.

तळ्याकाठी
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. चौथ्यात टिरियनच नाही हे कळल्यावर माझी उडी रद्द. पहिलंच घेते, सेट नको एवढ्यात. अर्धवट राहण्याची भीती आहेच पण टायशाचं वाचून आता राहवणार नाही. एक विचारायचं राहिलं, पाचव्या सीझनमध्ये सान्साला त्या क्रूर रॅमसेशी लग्न लावून देतात ते पुस्तकात आहे का? मला ते बघवलं नव्हतं.

दर्यावर्दी
सान्सा नाही. पुस्तकात ती अजून व्हेल या डोंगरी प्रांतातच आहे, कारस्थानी लिटलफिंगरची मुलगी म्हणून लपून. आणि मिस्टरांची हरकत असेल तर त्याच दुनियेतलं ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स’ त्यांच्या हातात द्या, सुमारे नव्वद वर्षं आधीच्या तीन गोष्टी, डंक आणि एगच्या, प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे पूर्ण होते.

पानगळ
रॅमसेशी लग्न होतं ते जेन पूलचं, सान्साच्या मैत्रिणीचं, तिला आर्या म्हणून उभं करतात. ते आपण रॅमसेचा कैदी थिऑन याच्या मनातून वाचतो, त्याला स्वतःचं नाव उच्चारायचीही भीती बसलेली असते. लिखाण म्हणून पाचव्यातली सर्वोत्तम प्रकरणं तीच, पण मालिकेत बघवलं नसेल तर हे त्याहून जड जाईल. ती सलग वाचू नका, मध्ये दुसऱ्यांची प्रकरणं येतात तशीच येऊ द्या.