हायब्रीड गाडी घरची झाल्यावर: तुमचे अनुभव सांगा

२०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या जुळ्या गाड्या आल्या आणि हायब्रीड क्रॉसओव्हर आपल्याकडच्या घरांमध्ये खऱ्या अर्थाने शिरली. १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सोबत इलेक्ट्रिक मोटर, दोन्ही मिळून ११६ पीएस, आणि कागदावर लिटरला २७.९७ किमी. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. मला हवं आहे ते त्यापुढचं. घरच्या वापरात ही गाडी कशी वाटते? आजींना चढता-उतरता येतं का, मुलांच्या सॅकी कुठे जातात, घाटात काय होतं, वर्ष-दोन वर्षांनी मत बदललं का?

एक विनंती. 'स्ट्राँग हायब्रीड' आणि 'माइल्ड हायब्रीड' यांत गल्लत करू नका. माइल्डमधली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, ती एकटी गाडी ओढत नाही; स्ट्राँगमधली मोटर एकटीही गाडी ओढू शकते. शोरूममध्ये दोन्हींना सरसकट हायब्रीड म्हणतात आणि लोक त्यावरून किमतीची तुलना करत बसतात. हा धागा स्ट्राँगवाल्यांसाठी आहे. गाडी कुठलीही चालेल, देश कुठलाही चालेल. ॲव्हरेज सांगाल तर टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं सांगा.

कोथरूड, पुणे

सुरुवात मीच करते. रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी. आधीची पेट्रोल गाडी या रस्त्यावर १२-१३ द्यायची, ही २२ ते २४ देते. गर्दी जितकी जास्त तितकी ही गाडी खूश असते, कारण सरकत सरकत जाताना बहुतेक वेळ मोटरच काम करते आणि ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत जाते.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट एसी आहे. त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही. सिग्नलला इंजिन बंद असतं तरी आत गारवा तसाच. मे महिन्यात लेकीच्या क्लासबाहेर थांबताना इंजिन अधूनमधून थोडा वेळ लागतं, बॅटरी भरून घेतं आणि पुन्हा गप्प होतं. बाबांना दम्याचा त्रास आहे, काच उघडून बसणं त्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी गाडीतली ही सोय मला ॲव्हरेजपेक्षा मोठी वाटते.

ठाणे

हिशेब मांडतो, कारण घेण्याआधी मला कुणी तो नीट मांडून दिला नव्हता. साधी पेट्रोल गाडी १५ देते आणि हायब्रीड २३ असं धरा. हजार किलोमीटरला एकीला ६७ लिटर लागतं, दुसरीला साडेत्रेचाळीस. म्हणजे सुमारे २३ लिटर वाचलं, १०४ रुपये भावाने चोवीसशे रुपये. महिन्याला हजार किमी फिरणाऱ्याचे वर्षाला २९ हजार वाचतात. आम्ही घेतली तेव्हा दोन्हींच्या किमतीत अडीच लाखांच्या आसपास फरक होता, तो भरून निघायला आठ वर्षांहून जास्त लागणार. महिन्याला दोन हजार फिरत असाल तर सव्वाचार वर्षांत निघतो.

मी ठाणे-अंधेरी रोज करतो, त्यामुळे मला परवडतं. माझ्या मेव्हण्याची गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते, त्याला मी साधी घ्यायला लावली. सीएनजीचं गणित कागदावर हायब्रीडलाही मागे टाकतं, हे मान्य. पण ऑफिसवरून परतताना पंपाच्या रांगेत उभं राहणं आता वयाप्रमाणे झेपत नाही.

कराचं एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रीडवरचा एकूण कर ४३ टक्क्यांवरून ४० वर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. इंधन वाचवणाऱ्या गाडीला एवढा कर असणं मला आजही पटत नाही.

वाई

घाटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचं आठवड्याला पाचगणीला जाणं-येणं असतं. पसरणी घाट चढताना गाडी भरलेली असेल तर इंजिनाचा आवाज चांगलाच येतो. गिअर बदलत नाहीत, त्यामुळे आवाज एका पट्टीत चढतो आणि तिथेच राहतो. पहिल्यांदा बसणारा हमखास विचारतो, "गाडीला काही झालंय का?" काही झालेलं नसतं. पाय थोडा सैल सोडला की आवाज खाली येतो आणि वेगात फारसा फरक पडत नाही.

गंमत उतरताना आहे. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, वाई ७०० च्या थोडी वर. माणसं-सामानासकट सोळाशे किलोची गाडी एवढी खाली येते तेव्हा हिशेबाने अडीच युनिटांएवढी ऊर्जा सुटते. बॅटरी आहे पाऊण युनिटाची, आणि तीही गाडी कधी काठोकाठ भरू देत नाही. विहीर भरून वाहते आहे आणि आपल्या हातात कळशी, असा प्रकार. अर्ध्या घाटातच बॅटरीचे दांडे पूर्ण भरतात. मग गाडी वेग आवरायला इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता, आणि अचानक घरघर सुरू होते. ते ब्रेक वाचवण्यासाठीच आहे. उतारावर गिअरची दांडी 'बी' वर टाका, ब्रेक तापत नाहीत. आमच्या भागातल्या पाहुण्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण घाटात नुसत्या ब्रेकवर उतरणारे फार आहेत.

चिपळूण

डिकी! बॅटरी डिकीच्या तळाशी बसते, त्यामुळे हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या साध्या प्रकारात ३७३ लिटरची डिकी आणि हायब्रीडमध्ये २६५. कागदावर हा फरक मोठा वाटत नाही. गणपतीला मुंबईहून निघताना मखर, दोन मोठ्या बॅगा, सासूबाईंची कमोडची खुर्ची आणि नारळ यांतलं काहीतरी मागे राहतंच. आम्ही छतावर कॅरिअर लावला. कापडी बॅगा घेतल्या, त्या कोपऱ्यात दाबून बसतात. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी त्या सहज बसतात, कारण सीटची उंची बरोबर कमरेला येते. फार खाली वाकायला नको, फार वर चढायला नको. मागे तिघे मात्र मोठी माणसं असतील तर मधल्याची सोय यथातथाच.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे रॅव्ह-४ हायब्रीड आहे, अडीच लिटरचं इंजिन, चारही चाकांना जोर. मागची चाकं वेगळी मोटर चालवते. इथल्या सरकारी चाचणीत ती ४० मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला १७ किमी. उन्हाळ्यात तेवढं सहज मिळतं. जानेवारीत ३३-३४ मैलांवर येतं. कारण साधं आहे. आतली ऊब इंजिनाच्या उष्णतेवर येते, त्यामुळे हीटर लावला की सिग्नललाही इंजिन चालूच राहतं. इथे मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत नव्याने आलेली कुटुंबं गाडीबद्दल विचारतात, तेव्हा मी पहिल्यांदा हेच सांगतो. सीट गरम करायचं बटण वापरा आणि हीटर दोन डिग्री खाली ठेवा, फरक दिसतो.

हळू वेगात गाडी बाहेर मुद्दाम एक बारीक सूर काढते, पायी चालणाऱ्यांसाठी. इथे तसा नियमच आहे. आई भारतातून आली की तिला तो आवाज देवळातल्यासारखा वाटतो, तिला आवडतो.

आणखी एक: हायब्रीडचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा गाडीखालचा भाग) इथे चोरीला जातात, आतल्या मौल्यवान धातूंसाठी. गॅरेज नसेल तर खालून जाळी बसवून घ्या.

निशिकासाई, तोक्यो

थोडक्यात लिहिते. आमची यारिस क्रॉस हायब्रीड. जपानमध्ये अशा गाड्यांत १०० व्होल्टचा, १५०० वॉटपर्यंत चालणारा प्लग मिळतो आणि आम्ही तो मुद्दाम घेतला. भूकंप किंवा वादळात वीज गेली तर उभ्या गाडीतून वीज घेता येते, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. म्हणजे टाकीत पेट्रोल असेपर्यंत भात शिजेल, फोन चार्ज होतील. लहान बाळ घरात असताना याचा केवढा आधार वाटतो! टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. भारतातल्या गाड्यांत हे का देत नाहीत? आपल्याकडे तर वीज जाणं नेहमीचंच.

नागपूर

महामार्गावर जास्त फिरणाऱ्यांनी अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. समृद्धीवर एकसारखं ११० ने गेलं की १७-१८ मिळतं. ब्रेकच लागत नाही, तर वीज परत कुठून येणार? ८० ते ९० ने गेलं की २१-२२. आम्ही आता घाई नसेल तर ९० वरच जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही महिनाभर बाहेर होतो, गाडी पार्किंगमध्ये उन्हात. परत आलो तर दारही रिमोटने उघडेना. मोठी बॅटरी ठीक होती, पण गाडीचा संगणक जागा करणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर लावून चालू झाली. गाडी बंद ठेवून जायचं असेल तर आठवड्यातून एकदा कुणाला तरी अर्धा तास 'रेडी' मध्ये, म्हणजे पूर्ण चालू करून, ठेवायला सांगा. नुसते दिवे लावून ठेवले तर उलट ती बॅटरी आणखी उतरते.

कोथरूड, पुणे

मोठ्या बॅटरीचं काय, असं दोघांनी विचारलंय. वर सांगितलेल्या दोन्ही गाड्यांना बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची हमी आहे. बॅटरीला आतली हवा खेचून थंड ठेवलं जातं, बऱ्याच हायब्रीडमध्ये ती हवा खेचायची जाळी मागच्या सीटजवळ असते. तुमच्या गाडीत कुठे आहे ते पुस्तिकेत बघा आणि त्यावर पिशव्या, चादरी ठेवू नका. ज्यांच्याकडे कुत्रा-मांजर गाडीतून फिरतं त्यांनी सर्व्हिसिंगला तिथला फिल्टर साफ करून मागावा, केसांनी तो लवकर तुंबतो.

कोल्हापूर-बेळगावकडचं कुणी आहे का? आंबोली घाटात पावसाळ्यात कशी चालते, ते वाचायचं आहे.